न रंगवलेली मोटार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू केला, आणि त्याचे अनुकरण करीत महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांनी आपापली व्यासपीठे उभी केली. अशा व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, अशीच रीत आहे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीला संपले. त्यापुढचे वाचनालयाच्या बाकावर, जिनच्या फाटकापाशी आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर झाले. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर आपण सांभाळून घ्यालच.

चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘आमची जुनी मोटार.’ त्यांना वाटले, भाऊ थट्टा करतात. तीस वर्षे पगार, बोनस, ग्रॅच्युइटी याखेरीज दुसरा शब्द न उच्चारणारा माणूस मोटारीवर काय बोलणार? परंतु थट्टा नव्हती. आमच्या कचेरीमागे पत्र्याच्या छपराखाली ती मोटार उभी असते, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. शेव्हरलेट, १९४८ सालची, चार दारांची. मूळचा गडद हिरवा रंग छपरावर पार विटून गेला आहे. रस्त्याने जाणारा प्रत्येक गृहस्थ एकच प्रश्न विचारतो, “भाऊ, हिला रंग का देत नाही?” प्रत्येकाला आम्ही हसून वाटेला लावतो, कारण उत्तर लांब आहे. ते आज द्यावयाचे आहे.

प्रथम ही परदेशी बाई आपल्या मुलखात आली कशी ते पाहू.

अमेरिकेत हेन्री फोर्डने १९१३ साली आपल्या कारखान्यात सरकती साखळी बसवली. पूर्वी मोटारीभोवती माणसे फिरत. आता माणूस जागेवर उभा आणि मोटार त्याच्यापुढून सरकत जाणारी. चासी जोडावयास पूर्वी बारा-साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. मोटार स्वस्त झाली. पण एकाच जागी उभे राहून दिवसभर एकच बोल्ट आवळणे माणसाला सोसेना. कामगार आठवड्या-दोन आठवड्यांत काम टाकून जाऊ लागले. म्हणून १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. पुस्तकांत याला औदार्य म्हणतात. आम्ही त्याला बाजारभाव म्हणतो.

स्वस्त झालेल्या मोटारींना जगभर गिऱ्हाईक हवे होते. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना उघडला. अमेरिकेतून सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून बोटीने येत आणि शिवडीचे कामगार त्यांची मोटार उभी करीत. फोर्डनेही त्याच सुमारास हिंदुस्थानात आपली कंपनी काढली. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लायमथ आणि डी सोटो काढावयास आरंभ केला. खानदेशाला या गाड्यांची ओळख झाली ती मात्र श्रीमंतांच्या बंगल्यात नव्हे. एस.टी. येण्यापूर्वी गावोगाव ज्या खाजगी ‘सर्व्हिस’ मोटारी धावत, त्यांत फोर्ड आणि शेव्हरलेट पुष्कळ असत. महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मागे कोळशाची भट्टी बांधून त्या गॅसवर चालवीत. आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एस.टी. सुरू झाली, तेव्हा आरंभीच्या ताफ्यातही शेव्हरलेट होत्याच.

१९५३ साली सरकारने धोरण ठरवले, की जी कंपनी या देशात भाग बनवणार नाही, नुसतीच जुळणी करील, तिने गाशा गुंडाळावा. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. धोरण बरोबर होते असे आमचे मत आहे. परंतु बरोबर धोरणानेही माणसांच्या हातचे काम जाते, हे त्याबरोबरच सांगितले पाहिजे.

आता आमच्या मोटारीचे साल पुन्हा आठवा : १९४८. त्याच वर्षी आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा झाला, कारखान्यांचा कायदा झाला, कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. पुढे नव्या संहिता आल्या, तो वाद निराळा. पण आमच्या पिढीने भांडावयाचे शस्त्र म्हणून जे कायदे वापरले, ते आणि ही मोटार एकाच वर्षाची अपत्ये. आणि तिकडे अमेरिकेत त्याच वर्षी मे महिन्यात जनरल मोटर्सने मोटार कामगारांच्या संघटनेशी करार केला, त्यात पगार राहणीखर्चाच्या निर्देशांकाला बांधून दिला. आपण ज्याला महागाई भत्ता म्हणतो, तोच.

तो करार आकाशातून पडला नाही. त्याच्या आधी अकरा वर्षे मिशिगन प्रांतातील फ्लिंट या गावी याच कंपनीच्या कामगारांनी बैठा संप केला होता. ३० डिसेंबर १९३६ ते ११ फेब्रुवारी १९३७, एकूण ४४ दिवस ते कारखान्याच्या आत बसून राहिले. बाहेर बर्फ, आत वाफेचे नळ बंद केलेले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्या झाडल्या. कामगारांनी आत दारूला बंदी केली, रोजची झाडलोट लावून घेतली, यंत्रांची नासधूस होऊ दिली नाही. १ फेब्रुवारीला त्यांनी शेव्हरलेटची इंजिने बनवणारा विभाग ताब्यात घेतला, आणि दहा दिवसांत कंपनीला संघटनेशी करार करावा लागला. त्या संपाची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत कामगार मोटारींसाठी तयार झालेल्या गाद्यांवर बसून वर्तमानपत्र वाचताना दिसतात. या गाद्यांची गोष्ट मनात ठेवा. आम्ही पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

आता ही मोटार आमच्या पदरी कशी पडली ते सांगतो.

आपल्या या भुसावळ-मलकापूर पट्ट्यात कपाशी आणि जिन काही नवे नाहीत. आगगाडी आली, गाठी मुंबईला जाऊ लागल्या, आणि जिनच्या मालकांकडे मोटारी आल्या. अशाच एका जिनमध्ये ही मोटार होती. जिनचे आणि मालकांचे नाव घेण्याचे कारण नाही. पंचवीस-सव्वीस वर्षे ती मालकांना घेऊन हिंडली. मग १९७३ साली जगात तेलाची टंचाई झाली, पेट्रोल कडाडले, आणि लिटरमागे सहा-सात किलोमीटर जाणारी ही गाडी मालकांना परवडेना. सरकीच्या गोदामात एका कोपऱ्यात ती उभी केली, वर गोणपाट टाकले, आणि सगळे विसरून गेले. ती मूळ रूपात राहिली याचे श्रेय कोणाच्या रसिकतेला नाही; ते विस्मरणाला आहे.

१९९८ च्या सुमारास ते जिन बंद पडले. तेवीस कामगारांचे देणे होते. आम्ही तेव्हा तरुण होतो, घसा मोठा होता आणि कायद्याचे ज्ञान बेताचे होते. दीड वर्ष भांडून बहुतेक रक्कम मिळाली. शेवटच्या हप्त्याला मालकांनी हात वर केले. म्हणाले, शेडमधले भंगार घ्या आणि आम्हांला मोकळे करा. पट्टे, शाफ्ट, जुनी चाके निघाली, आणि गोणपाटाखालून निघाली ही मोटार. भंगारवाल्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि वजनाचा हिशेब केला : साधारण चौदाशे किलो. त्याच्या दृष्टीने ती एवढीच होती.

तेव्हा जिनचे वृद्ध फिटर पुढे झाले. त्यांना सगळे फिटरबाबा म्हणत. फार बोलणारे गृहस्थ नव्हते. मडगार्डवर हात ठेवून म्हणाले, “हे इकू नका. हिच्यात माह्यं काम हाये.”

ते काम कसले, हे आम्हांला त्या दिवशी कळले नाही. त्यांचा शब्द मात्र कोणी मोडला नाही. भंगारवाला जी रक्कम देणार होता, ती आम्ही हप्त्याहप्त्याने कामगारांच्या निधीत भरावी आणि मोटार ठेवून घ्यावी, असे ठरले. दोन वर्षे ते हप्ते फेडले. घरात त्यावरून जी बोलणी खावी लागली, ती या व्याख्यानात बसवता येणार नाहीत.

फिटरबाबांचे काम काय होते ते आता सांगतो. या शेव्हरलेटला सहा सिलिंडरांचे इंजिन आहे, साडेतीन लिटरचे. त्या काळी या इंजिनातील कनेक्टिंग रॉडचे मोठे बेअरिंग आजच्यासारखे तयार, बदलून टाकण्याजोगे नसे. रॉडच्या तोंडात बॅबिट नावाचा मऊ पांढरा धातू वितळवून ओतीत. कथील, त्यात थोडे अँटिमनी, थोडे तांबे. एकोणिसाव्या शतकात आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिराने हा मिश्रधातू काढला, म्हणून त्याचे नाव पडले. ओतून झाला की तो तासून, दांड्याला निळ लावून, फिरवून, कोठे टेकतो ते पाहून पुन्हा तासावयाचा. केसाइतका फरक राहिला तरी इंजिन ठोकू लागते.

गाडीचा हा धातू झिजला तेव्हा मालकांनी मुंबईहून भाग मागवावयाचे ठरवले. फिटरबाबा म्हणाले, थांबा. कारण जिनचा लाइन शाफ्ट, ज्याच्यावर सगळ्या यंत्रांचे पट्टे फिरतात, त्याच्या बेअरिंगमध्येही बॅबिटच असे, आणि तो ओतण्यात त्यांची हयात चालली होती. त्यांनी सहाच्या सहा रॉड जिनच्या भट्टीवर ओतले, आठ दिवस तासले, आणि अमेरिकेत घडवलेले इंजिन आपल्या खानदेशी हाताने पुन्हा चालते केले. त्याबद्दल त्यांना काय मिळाले, असे आम्ही विचारले. म्हणाले, “त्या महिन्याचा पगार भेटला.”

हे सगळे आम्हांला फार उशिरा कळले. त्याआधी आमच्या हातून एक चूक झाली, ती या व्यासपीठावर कबूल केली पाहिजे.

मोटार आमच्याकडे आली त्यानंतरच्या वर्षी १ मे जवळ आला. तो कामगार दिन आणि महाराष्ट्र दिनही. मिरवणुकीत मोटार न्यावी, अशी टूम निघाली. इंजिन तेव्हा चालू नव्हते. कामगार ढकलीत नेणार होते. डाव्या बाजूचे पुढचे मडगार्ड चेपलेले आणि रंग उडालेले होते. आम्ही एक पेंटर बोलावला. त्याने चेपलेला भाग ठोकून काढला, लांबी भरली, घासकागद मारला आणि लाल रंग चढवला. मडगार्ड आरशासारखे चमकू लागले. सगळ्यांनी वाहवा केली.

फिटरबाबा आले, पाहिले, आणि एक शब्द न बोलता निघून गेले. आठ दिवस कचेरीकडे फिरकले नाहीत. शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा दिला, आणि मग म्हणाले, “भाऊ, ते चेपलं व्हतं ते बैलगाडीच्या धुऱ्यानं. गर्दीत ड्रायव्हरनं गाडी आंगावर घेतली, म्हणून बैलांखाली आलेलं पोरगं वाचलं. मालकानं त्याच्या पगारातून पैसे कापले. आता ते कुठंच दिसनार नाही.”

श्रोतेहो, आयुष्यभर आम्ही मालकांच्या हजेरीबुकांशी भांडत आलो. खाडाखोड केलेले हजेरीबुक न्यायालयापुढे आले, की आमचा संताप अनावर होई. आणि येथे आम्ही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने, एका कामगाराच्या हजेरीवर लाल रंग फासला होता!

त्या दिवसापासून आम्ही ही मोटार वाचावयास शिकलो. ‘वाचावयास’ हाच शब्द योग्य आहे. तिच्या दोन गाद्यांकडे पाहा. मागची गादी मालकांची. तिचे कापड मळले आहे, पण विणीला धक्का नाही. स्प्रिंगा ताठ आहेत. पुढची, ड्रायव्हरची गादी मधोमध खचली आहे. गोणपाट आणि आतली रुई बाहेर डोकावते. उजव्या कडेला ती तीन वेळा फाटली आणि तीन वेळा शिवली गेली. ते टाके शिंप्याचे नाहीत. गोधडीला घालतात तसे बारीक धावदोऱ्याचे आहेत. फिटरबाबांनी सांगितले, ते ड्रायव्हरच्या पत्नीचे. ॲक्सिलरेटरच्या रबरावर एका टाचेचा खळगा पडला आहे. स्टिअरिंगचा काळा रंग दोन ठिकाणी उडाला आहे, दोन तळव्यांइतकाच. आणि मागच्या दाराचे आतले आवरण एकदा सुटले, तेव्हा आतल्या पत्र्यावर पिवळ्या खडूने लिहिलेला एक आकडा आणि त्यापुढे बरोबरची खूण दिसली. तपासणाऱ्या कामगाराने केलेली खूण. बंद पत्र्याआड ती पन्नासाहून अधिक वर्षे जशीच्या तशी राहिली होती.

आता कल्पना करा, की आम्ही ही मोटार शहरातल्या एखाद्या नामांकित कारागिराकडे दिली. तो काय करील? दोन्ही गाद्यांना एकच नवे कापड घालील. मागची आणि पुढची गादी अगदी सारखी दिसू लागेल. मालक आणि ड्रायव्हर एक झाले! अशी समता आम्हांला नको. जी प्रत्यक्षात नव्हती, ती कापडाने आणू नये. झीज हा कामाचा पुरावा आहे, आणि कामगाराजवळ पुष्कळदा दुसरा पुरावा नसतो. आमच्या व्याख्यानाचे सार म्हणाल तर एवढेच आहे.

कोणी म्हणेल, हा भाऊंचा हेकेखोरपणा. तसे नाही. अमेरिकेत जुन्या मोटारी जपणाऱ्यांचा मोठा संघ १९३५ सालापासून आहे. पुष्कळ वर्षे त्यांच्याकडेही जी अधिक चकाके ती बक्षीस घेई. कारखान्यातून निघाली तेव्हा जेवढी चकाकत नव्हती, तेवढी चकाकी लोक आणीत. मग हळूहळू ध्यानात आले, की सर्व गाड्या नव्या करता करता मुळातली खरी गाडी कशी होती, हेच पाहावयास शिल्लक राहणार नाही. रंगाचा थर किती असे, टाका किती अंतरावर असे, कोणता स्क्रू कोठे असे, हे ताडून पाहावयाचे कशाशी? तेव्हा न उजळलेल्या, मूळच्या गाड्यांसाठी स्पर्धांत निराळे वर्ग निघाले. दगडी वास्तूंच्या जपणुकीसाठी १९६४ साली व्हेनिसला एक सनद झाली होती. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली ट्युरिनची सनद केली. तिचा सूर असा, की आधी जपावे, मग आवश्यक तेवढेच दुरुस्त करावे, आणि संपूर्ण नवे करणे हा शेवटचा उपाय मानावा.

आपल्याकडेही २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरील मोटारी आणि दुचाकी यांना ‘व्हीए’ अक्षरांची निराळी पाटी मिळते. मात्र वाहन मूळ रूपात असले पाहिजे. चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी प्रदर्शनासाठी, मेळाव्यासाठी, तेल भरण्यासाठी आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. आमचे जुने नोंदणीपुस्तक शाबूत आहे. वीस हजारांची जुळवाजुळव चालू आहे. तोपर्यंत महिन्यातून एकदा अंगणात इंजिन चालू करतो, आणि गल्लीतली मुले जमा होतात.

जपणुकीचा विचार आपल्या परिसराला परका आहे काय? तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे दगडी मंदिर आहे. त्याला उद्या कोणी चकचकीत फरशी लावू म्हणाला, तर आपण लावू द्याल? आणि तरीही गावोगावच्या जुन्या देवळांवर भक्तिभावाने ऑइलपेंट चढवलेला आपण पाहतोच. भाव चांगला असतो, पण टाकीचे घाव बुजून जातात. पाचोरा-जामनेर छोट्या गाडीची गोष्ट तीच. ती ‘पीजे’ किती हळू चालते, म्हणून आपण हसत होतो. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता रूळ रुंद होऊन ती वाट बोदवडपर्यंत आणण्याची योजना आहे. ती आम्हांला हवीच आहे. पण जुन्या डब्यांपैकी एखादा डबा, त्याच्या झिजलेल्या बाकांसह, न रंगवता कोठेतरी ठेवावा, एवढे म्हणावयास काय हरकत आहे?

आता काही व्यावहारिक गोष्टी, कारण आपल्यापैकी कोणाच्या वाड्यात आजोबांची जीप किंवा जुनी फटफटी पडून असेल.

न रंगवणे म्हणजे कुजू देणे नव्हे. आम्ही मोटारीचे दोन भाग मानतो : काम करणारे आणि साक्ष देणारे. ब्रेकची रबरे, तेलाच्या नळ्या, टायर हे काम करणारे. ते थकले की बदललेच पाहिजेत. जुन्या ब्रेकवर गाडी चालवणे हा इतिहासप्रेमाचा नव्हे, बेजबाबदारीचा प्रकार आहे. टायरची चिंता आम्हांला पडली नाही. या शेव्हरलेटचे आणि जुन्या जीपचे टायर एकाच मापाचे, आणि जीप खानदेशात कोठे नाही? पेट्रोलचा मात्र विचार करावा लागतो. हल्ली त्यात इथेनॉल मिसळतात, आणि ते जुन्या रबराला खाते. म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या घातल्या. गाडीची वीज सहा व्होल्टची आहे, ती बदलून बारा करण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. आम्ही तो मानला नाही. काढलेला प्रत्येक भाग तारीख लिहून खोक्यात ठेवतो.

पत्रा, रंग, काच, कापड हे साक्ष देणारे. त्यांना हात लावावयाचा तो थांबवण्यापुरता. गंज दिसला तर तेलाचा बोळा फिरवून थांबवावा, खरवडू नये. जुना रंग बहुधा लॅकरचा. त्याच जातीच्या ‘ड्यूको’ या रंगाचे नाव आपले रंगारी अजून घेतात. तो पातळ असतो. यंत्राने पॉलिश केले की खालचा पत्रा दिसू लागतो. ओलसर सुती फडके पुरे. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून गंज कमी. पण वैशाखातले ऊन रबर आणि रंग दोन्ही तडकवते, म्हणून छप्पर हवे. सर्वांत मोठा शत्रू उंदीर. त्याला गादीतली रुई फार आवडते. कडुनिंबाचा पाला आम्ही ठेवतो, पण खरे काम कचेरीची मांजर करते.

शेवटी एक आक्षेप, आणि तो खरा आहे. कष्टकऱ्यांचे पैसे मालकाच्या मोटारीत का अडकवावे?

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. लग्नाच्या वरातींसाठी त्यांना जुनी गाडी हवी होती. लाल रंग देऊ, पांढरे कापड घालू, म्हणाले. आणि आकडा असा सांगितला, की तो ऐकून आम्ही पाणी मागितले. नेमक्या त्याच वेळी आमच्या जुन्या कामगारांपैकी एकाच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. कागदावर मोटार आमची. पण ती फिटरबाबांच्या शब्दाखातर राहिली होती, आणि ते तर तोवर वारले होते. तेवीसांपैकी नऊ हयात होते. त्या नऊ जणांना आम्ही बोलावले आणि मत घेतले. सहा म्हणाले, विकू नये. तिघे म्हणाले, विकावी. त्या तिघांतील एकजण म्हणाले, “भाऊ, पत्र्यापेक्षा माणूस मोठा.” याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढली, दारोदार फिरलो, रक्कम जमली, शस्त्रक्रिया झाली. वर्गणी जमली नसती तर आम्ही मोटार विकली असती, आणि ते विकणे बरोबर ठरले असते. हे सांगितल्याशिवाय आमचे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

पण वर्गणी जमली, आणि मोटार राहिली. लाल मडगार्डही तसेच ठेवले आहे. पुष्कळांनी सांगितले, ते तरी पुन्हा हिरवे करा. नाही केले. आता तोही इतिहास आहे, आमच्या चुकीचा. फक्त आतल्या बाजूने, कोणी वाकून पाहिले तरच दिसेल असे, आम्ही त्यावर खडूने बैलगाडीचे आणि ड्रायव्हरचे ते प्रकरण लिहून ठेवले आहे. पिवळ्याच खडूने.

उद्या सकाळी कचेरी उघडी आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी यावे. मुलांना आणावे आणि पुढच्या गादीवर बसू द्यावे. मागच्या गादीवर बसण्याची हौस सगळ्यांनाच असते. टाक्यांवर मात्र हलक्या हाताने बोट फिरवावे, एवढीच विनंती.